घडीचा

विजार चढवली की उजव्या खिशात तो जातो.
पाकीट विसरतो मी, मोबाईल चार्जरला राहतो,
एकदा तर डबा घरीच ठेवून
अक्कलकोट रोडपर्यंत सायकल हाणली.
याला विसरलो नाही.

शिंगाची मूठ, दोन पितळी खिळे,
पातं करंगळीएवढं.
तेवीस वर्षांपूर्वी गड्ड्यावर घेतला,
पाळण्यांच्या मागं सतरंजी टाकून बसलेल्या माणसाकडून.
त्यानं मनगटावरचे चार केस उडवून दाखवले
आणि म्हणाला, घडीचा आहे.
उघडायला नख लागतं,
मिटायला अक्कल.

टॉवेलच्या कारखान्यात सगळे घड्याच मोजतात.
मी जॉबर. अठरा माग माझ्याकडं.
ताणा तुटला की मागाचा आवाज बदलतो,
मी त्या आवाजाकडं जातो.
गाठ बोटांनी,
गाठीचं शेपूट पात्यानं.
दोन सुतं बाहेर राहिली तरी
कुणाच्या तरी ओल्या गालाला टोचतात,
असं नायना म्हणायचे. ते चादरीवर होते.

जेवणाच्या सुट्टीत यानंच पेरू चिरतो.
आधी पातं मांडीवर पुसून.
विजयालक्ष्मीला किळस यायची,
"नान्ना, ग्रीस आहे त्याला!"
पण पेन्सिली माझ्याकडंच आणायची,
लांब टोक हवं असायचं तिला, सुईसारखं,
आणि पहिल्याच ओळीत मोडायचं.
आता ती सिकंदराबादला.
पोरासाठी बॅटरीवरचं शार्पनर घेतलंय म्हणाली.
चांगलंच आहे.

एक सांगायचं राहिलंय. घरीही बोललो नाही कधी.
ज्या वर्षी बोनस बुडाला
त्या वर्षी अशोक चौकात, भर गर्दीत
दुडमनं माझ्या कॉलरला हात घातला.
माझा हात खिशात होता.
मूठ तळव्यात गरम झालेली,
अंगठ्याचं नख पात्याच्या खाचेत.
तो काय बोलत होता, आठवत नाही.
त्याच्या शर्टाचं दुसरं बटण
एका दोऱ्यावर लोंबत होतं.
मला तेवढंच दिसत होतं,
ते बटण, तो दोरा,
आणि सुटलेला दोरा दिसला की कापायचा
ही इतक्या वर्षांची सवय.
"बटण सांभाळ बे," म्हणालो.
त्यानं खाली बघितलं.
कुणी हसलं नाही. भांडण मिटलंही नाही.
घरी येऊन बघतो तर
अंगठ्याच्या नखाखाली रक्त साकळलेलं.

परवा पीएफच्या तारखेला कोर्टात गेलो.
गेटवर पोलीसबाई म्हणाल्या, खिशातलं ट्रेमध्ये ठेवा.
"हे काय?"
"चाकू."
"कशाला?"
तेवीस वर्षांत कुणी विचारलं नव्हतं.
पेरू, म्हणालो.
मग, दोरे, म्हणालो.
मागं रांगेत कुणीतरी फिस्सकन हसलं.
"बाहेर ठेवून या, काका."

रेवणसिद्धच्या सोड्याच्या गाडीवर ठेवला.
आत तीन तास.
हात आपोआप खिशात जात होता
आणि नुसत्या कापडाला लागून परत येत होता.
वकिलानं दोनदा विचारलं, काही हरवलंय का?
पुढची तारीख मिळाली.

बाहेर ऊन असं, की डांबर चपलेला धरत होतं.
रेवणसिद्ध लिंबू चिरत होता. माझ्याच चाकूनं.
"तुमच्या जिवावर बारा सोडे झाले, अन्ना.
पण धार लावा की बे, लिंबू चिरडतंय."
एक ग्लास मला दिला. पैसे घेतले नाहीत.

रात्री नख लावून उघडला.
खाचेत एक बी अडकलेली, सुकून.
पात्याला वास अजून होता.
मांडीवर पुसायला गेलो
तर बायको म्हणाली, थांबा,
उजव्या खिशाला परत भोक पडलंय.
टॉवेलचा तुकडा लावून दे, म्हणालो,
जाड बघून.